रोज धूर सोडला तर मलेरिया संपेल का?

पावसाळा लागला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या, पालकांच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. मलेरिया हा घाणीचा रोग आहे, नाले साफ केले की तो जातो. रोज संध्याकाळी धूर सोडला तर महिन्याभरात मच्छर संपतील. डीडीटी या कीटकनाशकानं हा रोग देशातून गेलाच होता, परदेशी दबावाखाली त्यावर बंदी आली म्हणून तो परतला. औषधी मच्छरदाण्या विषारी असतात. सिकलसेल असलेल्याला मलेरिया होत नाही. कडुनिंबाचा धूर आणि पपईच्या पानांचा रस पुरतो, आणि ताप उतरला की गोळ्या बंद केल्या तरी चालतं. शेवटची ओळ अशी असते की मलेरियाचे संशोधक नुसत्या अळ्या मोजत बसतात, त्यानं एकही मच्छर मरत नाही.

त्या अळ्या मोजणाऱ्यांपैकी मी एक आहे. मजकूर पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना शेजारपाजारची काळजीच असते, हे मला ठाऊक आहे. पण यातल्या काही ओळी माणसाच्या जिवावर उठू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘मलेरिया घाणीतून येतो’

नागनदीच्या काठानं संध्याकाळी गेलं की डोक्यावर मच्छरांचा थवा घोंघावतो. ते बहुतांशी क्युलेक्स जातीचे असतात. काळं, सडकं, वास मारणारं पाणी ही त्यांची आवडती जागा. ते रात्रभर चावतात, झोप मोडतात आणि हत्तीरोग पसरवतात. विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे, त्यामुळे नाले वाहते ठेवा ही मागणी अगदी योग्य आहे. फक्त त्यानं मलेरिया जात नाही. मलेरिया पसरवते ती ॲनॉफिलिसची मादी, आणि तिला गटाराचं पाणी सहसा नको असतं.

शहरात हे काम करणारी मुख्य जात म्हणजे ॲनॉफिलिस स्टीफन्सी. तिला हवं असतं साचलेलं, पण स्वच्छ पाणी. झाकण तुटलेली गच्चीवरची टाकी, अंगणातलं जमिनीखालचं टाकं, वापरात नसलेली विहीर, बांधकामावर स्लॅबला पाणी मारायला भरून ठेवलेला हौद, आणि आपल्या नागपुरात घरोघरी असलेला कूलर. आता शहराच्या नकाशावर ही ठिकाणं टाकून बघा. धरमपेठेतल्या बंगल्याची टाकी त्यात येते, मनीषनगरकडच्या नव्या इमारतीचा हौद येतो, आणि जिथे अजून पाण्याची लाइन नीट पोचली नाही त्या लेआउटमधले टँकरच्या पाण्याचे ड्रमही येतात. ‘घाणीचा रोग’ असं म्हटलं की बोट आपोआप वस्तीकडे जातं आणि आपली टाकी नजरेआड होते. हा मजकूर मला सगळ्यात जास्त खटकतो तो इथेच. गरिबाच्या दारातल्या नाल्यावर ठपका ठेवून आपण आपल्या गच्चीवर अळ्या वाढू देतो.

शहराबाहेर चित्र आणखी बदलतं. भंडारा-गोंदियाकडची धानाची बांधी, कालव्याची गळती, नदी आटल्यावर उरलेली डबकी, ही ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिसची ठिकाणं. ही मादी गोठ्यात जास्त सापडते, कारण तिला माणसापेक्षा गुरांचं रक्त अधिक आवडतं. तरीही तिची संख्या इतकी असते की देशाच्या ग्रामीण भागातला बराचसा मलेरिया तिच्याच नावावर जमा आहे. गडचिरोलीत जंगलातून झुळझुळणाऱ्या ओढ्यांच्या काठी ॲनॉफिलिस फ्लुविॲटिलिस वाढते. ती माणसाच्या रक्ताच्या मागे असते, म्हणून संख्येनं कमी असूनही जास्त घातक ठरते. भामरागड, धानोरा, एटापल्लीकडच्या कितीतरी गावांत गटार नावाची गोष्टच नाही. पाणी नितळ आहे, हवा स्वच्छ आहे, आणि राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा तिथलाच आहे. घाणीचा सिद्धांत या एका जिल्ह्यापुढे टिकत नाही.

अळ्या मोजायच्या त्या याचसाठी. लांब दांड्याच्या पांढऱ्या डावानं पाणी उचलायचं आणि बघायचं. ॲनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. क्युलेक्सची आणि डेंग्यूच्या एडिसची अळी श्वासनळी वर टेकवून डोकं खाली लोंबकळत ठेवते. हे तुम्हालाही तुमच्या टाकीत टॉर्च मारून दिसेल. मग भल्या पहाटे घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींवर विसावलेले मच्छर काचेच्या नळीत ओढून घ्यायचे, त्यांची जात ओळखायची, त्यांनी कोणाचं रक्त प्यायलंय ते तपासायचं, लाळग्रंथीत परजीवी आहे का ते पाहायचं. कोणत्या गावात कोणती मादी, कोणत्या पाण्यात वाढते, रात्री किती वाजता चावते आणि चावून झाल्यावर कुठे बसते, एवढं कळल्याशिवाय औषध कुठे मारायचं हे ठरवता येत नाही.

कूलरबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण तो आपला खास प्रश्न आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी आग असते, तेव्हा मच्छराला लागणारा गारवा आणि ओल आपण घरात तयार करून देतो. जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण तळाचं पाणी तसंच राहतं. नुसतं पाणी ओतून देणंही पुरत नाही. एडिसची अंडी टाकीच्या कडांना आणि गवताच्या पट्ट्यांना चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. टाकी घासून कोरडी करायची आणि जुन्या पट्ट्या फेकून द्यायच्या.

‘रोज धूर सोडला की मच्छर संपतील’

धुराची गाडी गल्लीत आली की आपण पहिल्यांदा काय करतो? दारं-खिडक्या लावतो. ॲनॉफिलिस आणि एडिस तेव्हा बहुतेक घरात असतात, कपाटामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत. डिझेल किंवा केरोसीनमध्ये मिसळलेलं औषध बाहेर पांढरं ढग होऊन पसरतं, त्या वेळी उडत असलेल्या मच्छरांना लागलं तर ते मरतात, आणि थोड्या वेळात ढग विरतो. कूलरमधल्या आणि टाकीतल्या अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. दुसऱ्या दिवशी नवे मच्छर पंख वाळवून बाहेर येतात. साथ उसळली असताना, रुग्णाच्या घराभोवती, घरातसुद्धा धूर देणं उपयोगाचं असतं आणि तेव्हा तो द्यावाच. रोजच्या धुरानं मात्र खर्च होतो, दमेकऱ्यांना त्रास होतो आणि औषधाला दाद न देणारे मच्छर निवडून वाढतात.

यामागे एक हिशेब आहे, आणि तो समजला की मलेरियाचं बरंच कोडं उलगडतं. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत मच्छराच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला आणि १९०२मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे आपण शाळेत शिकतो. त्यांनी पुढे मांडलेलं गणित फारसं कोणी सांगत नाही. मलेरिया थांबवायला शेवटचा मच्छर मारावा लागत नाही, असं ते गणितानं दाखवत होते. संख्या एका मर्यादेखाली गेली की रोग आपोआप ओसरत जातो. १९५०च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. सगळ्यात मोठा फरक पडतो तो मच्छराच्या आयुष्यामुळे, असं त्यांनी दाखवलं.

कारण असं की आजाऱ्याला चावलेली मादी लगेच रोग देऊ शकत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला तापमानानुसार साधारण १० ते १४ दिवस जातात. समजा १२ दिवस धरले, आणि रोज १०० माद्यांपैकी ९० जगतात असं मानलं, तर बाराव्या दिवशी साधारण २८ उरतात. आता धुरानं निम्म्या माद्या मारल्या, पण उरलेल्या तशाच जगत राहिल्या, तर २८च्या १४ होतील. याउलट भिंतीवर टिकणारं औषध किंवा औषधी मच्छरदाणी यांमुळे रोज जगण्याचं प्रमाण ९०वरून ७०वर आलं, तर बाराव्या दिवशी १०० पैकी जेमतेम एकच उरते. गल्लीत तेव्हाही मच्छर दिसतील, चावतीलही. पण रोग देण्याइतकी म्हातारी मादी जवळपास उरणार नाही. मच्छर दिसतात म्हणजे काम झालं नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

‘डीडीटीवर बंदी आली म्हणून मलेरिया परतला’

डीडीटीनं रोग जवळपास गेला होता, हा भाग खरा आहे आणि तो अभिमानानं सांगण्यासारखा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख दगावत, असा तेव्हाचा अंदाज होता. १९५३मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. घराघरांतून पंप घेऊन फिरणाऱ्या माणसांनी भिंतींवर डीडीटी मारलं, आणि १९६५पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. त्या वर्षी मलेरियानं एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

पण नंतरच्या तारखा नीट बघा. रुग्ण पुन्हा वाढू लागले ते १९६५नंतर लगेच. अमेरिकेनं आपल्या देशात डीडीटीवर बंदी घातली ती १९७२मध्ये. भारतात १९७६ साली ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, तेव्हा इथे डीडीटी तयारही होत होतं आणि वापरलंही जात होतं. आपल्याकडे शेतीतला त्याचा वापर थांबवला तो १९८९मध्ये. घातक रसायनांवरच्या २००१च्या स्टॉकहोम करारातही रोगवाहक कीटकांसाठी डीडीटी वापरायला मुभा ठेवलेली आहे. ‘परदेशी बंदी’ची गोष्ट तारखांशी जुळतच नाही.

मग परतला का? पहिलं कारण मच्छरांनीच दिलं. क्युलिसिफेसिस डीडीटीला सरावली. शेतात पडणारी कीटकनाशकं वाहून डबक्यांत येत होती, तिथल्या अळ्यांना ती लहानपणापासून लागत होती. दुसरं कारण म्हणजे रोग संपत आलाय असं वाटल्यावर पैसा आटला, माणसं दुसऱ्या कामांना गेली, औषधाचा पुरवठा वेळेवर होईना. शहरांकडे तर सुरुवातीला लक्षच नव्हतं. शहरी मलेरिया योजना आली ती १९७१मध्ये. श्रीलंकेतही हेच घडलं. १९६३मध्ये तिथे फक्त १७ रुग्ण उरले होते, फवारणी थांबली, आणि त्या दशकाच्या शेवटी लाखो लोक तापानं फणफणत होते. तिथल्यांनी पुढे धडा घेतला, तपासणीचं काम नेटानं चालवलं, आणि २०१६मध्ये देश मलेरियामुक्त ठरला.

तिसरं कारण आपल्या घरातलं आहे. फवारणीवाले आले की देवघर, स्वयंपाकघर, धान्याची कोठी, या खोल्यांची दारं बंद होतात. फवारणी झाल्यावर सणासाठी भिंती सारवल्या की औषध शेणामातीच्या थराखाली जातं. उन्हाळ्यात माणसं अंगणात झोपतात, धान राखायला वावरात जागलीला जातात, तिथे भिंतच नसते. ही कारणं कोणाच्या अडाणीपणाची नव्हेत. देवघरात विष नको वाटणं स्वाभाविक आहे. पण ती कुणीतरी घरोघर बसून विचारून नोंदवावी लागतात, मगच फवारणीची तारीख सणानंतरची ठरते आणि जागलीवर जाणाऱ्याच्या हातात मच्छरदाणी पडते. हेही संशोधनच आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या कामाइतकंच कष्टाचं.

अशा कामाचं फळ दिसलेलं आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९८३पासून मलेरिया संशोधक डॉ. व्ही. पी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खड्डे बुजवणं, विहिरी-टाक्यांत गप्पी मासे सोडणं आणि तापाच्या रुग्णांना लवकर गाठणं यांवर भर देऊन मलेरिया खाली आणला. नागपूरहून सिवनीच्या पलीकडे असलेल्या मंडला जिल्ह्यात २०१७नंतर १,२३३ गावांमध्ये तापाच्या प्रत्येक रुग्णाची तपासणी, उपचार आणि पाठपुरावा झाला, जोडीला फवारणी आणि मच्छरदाण्या होत्याच. तीन वर्षांत रुग्ण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. जंगल तेच, आदिवासी गावं तीच, पाऊसही तसाच. देशभरात २०१५ साली ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते, २०२३मध्ये ते २ लाख २७ हजारांवर आले. मलेरिया घालवायला रोज धूर लागतो असं मानणाऱ्यांनी मंडल्याचं उदाहरण समोर ठेवावं.

‘औषधी मच्छरदाण्या विषारी’

या मच्छरदाण्यांच्या धाग्यातच पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. मच्छराला मारायला पुरेल आणि माणसाला बाधणार नाही इतकं त्याचं प्रमाण असतं. नवी मच्छरदाणी पाकिटातून काढून एक दिवस सावलीत पसरून ठेवावी, नाहीतर पहिल्या रात्री काहींना चेहऱ्यावर चुणचुण जाणवते. ती निघून जाते. साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत तिचा गुण टिकतो. नदीत, तळ्यात ती धुऊ नये, कारण हे औषध माशांना मात्र मारतं. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले, त्यातला दोन तृतीयांशांहून जास्त वाटा या मच्छरदाण्यांचा होता. मच्छर या औषधालाही सरावत चालले आहेत ही चिंता खरी आहे आणि म्हणून दोन औषधांच्या नव्या मच्छरदाण्या आल्या आहेत. पण ‘विषारी’ म्हणून मिळालेली मच्छरदाणी माळ्यावर टाकणं किंवा भाजीच्या वाफ्याला कुंपण घालणं म्हणजे आपल्या लेकराला उघडं झोपवणं आहे.

‘सिकलसेल असेल तर मलेरिया होत नाही’

हा मुद्दा वाचून मला भीती वाटते, कारण तो विदर्भातच जास्त फिरतो आणि इथेच तो जास्त घातक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एएस म्हणजे वाहक, ज्याला आईकडून किंवा वडिलांकडून एकच दोषी जनुक मिळालं. एसएस म्हणजे दोन्हीकडून मिळालं, तो रुग्ण. १९५४मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना फाल्सिपेरम या मलेरियाच्या सगळ्यात घातक प्रकारापासून संरक्षण मिळतं. हे संरक्षण आहे ते गंभीर आजारापासून. वाहकाला मलेरियाची लागण होते, ताप येतो, त्याच्या रक्तातून मच्छरामार्फत तो दुसऱ्याला जातो.

एसएस रुग्णाचं तर याच्या अगदी उलट आहे. त्याचं रक्त आधीच कमी असतं, मलेरियानं ते आणखी फुटतं, सिकलचा तीव्र झटका येऊ शकतो, आणि आफ्रिकेत अशा मुलांच्या मृत्यूंमागे मलेरिया हे एक मोठं कारण आहे. मजकुरातली ही ओळ वाचून एखादी आई ‘याला तर मलेरिया होतच नाही’ म्हणून एसएस मुलाचा ताप दोन दिवस घरीच काढेल, तर जीव जायला तेवढे दोन दिवस पुरेसे आहेत. एसएस मुलाला ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड आधी दाखवा.

‘कडुनिंब, पपई पुरे’

कडुनिंबाला मी मोडीत काढत नाही. शर्मा यांच्याच गटानं खोबरेल तेलात दोन टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून अंगाला लावून पाहिलं होतं आणि ॲनॉफिलिसच्या चाव्यापासून चांगलं संरक्षण मिळाल्याचं १९९३मध्ये प्रसिद्ध केलं. अंगाला लावायला ते चांगलं आहे. लहान मुलांना ते पाजू नका, पोटात गेल्यानं बाळांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. पपईच्या पानांची चर्चा डेंग्यूतल्या प्लेटलेटवरून सुरू झाली. मलेरियाचा परजीवी त्या रसानं मरत नाही, आणि रस पाजण्यात गेलेल्या दिवसांत फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोचू शकतो.

‘ताप उतरला की गोळ्या बंद’

व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातला परजीवी जातो, ताप उतरतो, भूक लागते. पण काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी १४ दिवसांचं प्रिमाक्विन असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटू लागलं की हीच गोळी सुटते. मग दिवाळीच्या सुमारास ताप परत येतो आणि घरचे म्हणतात, नवीन मच्छर चावला. बऱ्याचदा तो जुनाच परजीवी असतो.

प्रिमाक्विन स्वतःच्या मनानं मात्र घेऊ नका. गर्भवतीला आणि एक वर्षाखालच्या बाळाला ते देत नाहीत. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, आपल्याकडच्या काही समाजांत हे प्रमाण बऱ्यापैकी आहे. अशांच्या रक्तपेशी या गोळीनं फुटतात, लघवी चहासारखी गडद होते. तसं दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

थंडी वाजून ताप आला की पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात, मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांत तपासणी होते, गावात आशाताईंकडे किट असतं, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा की गेल्या महिन्याभरात तुम्ही कुठे होता. तेंदूपत्त्याला गडचिरोलीत, लग्नाला बालाघाटला, रस्त्याच्या कामावर छत्तीसगडमध्ये. नागपुरात मलेरिया कमी दिसतो म्हणून तापाच्या रुग्णाची तपासणी कधी कधी डेंग्यू आणि टायफॉइडपाशीच थांबते. ‘मी जंगलाकडून आलोय’ एवढं ऐकलं की डॉक्टर मलेरियाची तपासणीही लिहून देतात.